हजारदारीचा तिसरा भाग

परभणीची फेरी टाळायला प्रियंकानं काय काय केलं नव्हतं! एकदा ड्यूटी पुढं केली, एकदा मामाच्या पोरीचं लग्न पुढं केलं, आणि एकदा तर चक्क तापाचं नाव सांगितलं. नर्सबाईच ताप आलाय म्हणाल्यावर थर्मामीटर लावून बघणार कोण? पण भारतनं या खेपेला तिला विचारलंच नाही. परस्पर नावं नोंदवली आणि मग फोन केला.

"आक्का, रविवारी सकाळच्या गाडीनं परभणीला जायचंय. ड्यूटी बदलून घे. न्हाईतर मी तुज्या दवाखान्यात येऊन बसतो."

भारत एकदा येऊन बसला की उठत नाही, हे चुडाव्यापासून पूर्णेपर्यंत सगळ्यांना ठाऊक. प्रियंकानं मुकाट्यानं ड्यूटी बदलून घेतली.

आता ही फेरी कसली, ते आधी सांगायला हवं. कमलबाई नावाच्या लेखिकेनं 'हजारदारी' नावाची पाच जाडजूड पुस्तकं लिहून ठेवली आहेत. हजारदारी हे एक शहर. त्याला हजार दारं आणि प्रत्येक दाराला वाचा. कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी खोटं बोललं, सगळं दारं बोलतात. पण ते कळतं फक्त मैनीला. मैनी म्हणजे कुलपं दुरुस्त करणाऱ्याची बिनआईची पोरगी. ही पुस्तकं घरोघरच्या पोरांनी पांघरुणात डोकं घालून वाचली, आणि पोरं झोपल्यावर त्यांच्या आईबापांनी वाचली. कमलबाई मूळच्या परभणीच्या, आता लेकीकडं बंगळुरात असतात. एका समारंभात कुणी तरी त्यांना विचारलं, बाई, हे शहर तुम्हाला सुचलं कसं? त्या म्हणाल्या, सुचायचं काय त्यात, ते माझ्या लहानपणचं परभणी आहे.

झालं! परभणीकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नागेश नावाच्या कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकानं पुस्तकं काखोटीला मारून गल्ल्या पालथ्या घातल्या, कमलबाईंना फोन करकरून एकेक जागा पक्की केली, तिथं निळ्या पाट्या लावल्या आणि दर रविवारी 'हजारदारी फेरी' सुरू केली. ज्या गावात लोक निव्वळ गाडी बदलायला उतरायचे, तिथं पुण्या-नाशकाहून माणसं दरवाजे बघायला यायला लागली.

मग हजारदारीवर एवढा जीव असलेल्या प्रियंकानं ही फेरी टाळावी कशाला? तर त्याचं मूळ होतं ऊसतोडीत.

चुडाव्याच्या आसपासची किती तरी घरं दिवाळी झाली की कारखान्याला जातात. प्रियंकाचं घरही जायचं. आईबाप दिवसभर उसाच्या फडात, आणि टोळीतली सगळी लेकरं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या त्या ठेंगण्या खोपटांपाशी, थोरल्या पोरीच्या हवाली. थोरली पोरगी म्हणजे प्रियंका, वय बारा-तेरा. तेवढी लेकरं सांभाळायची तर एक तर काठी लागते, नाही तर गोष्ट. प्रियंकाला काठी चालवता येत नव्हती.

शाळेच्या कपाटातून तिनं हजारदारीचा पहिला आणि दुसरा भाग मागून आणला. त्यावर एक हंगाम निघाला. पुढच्या वर्षी कपाटात चौथा आला, पाचवा आला, तिसरा काही आला नाही. कुणी तरी देणगी म्हणून दिलेली पुस्तकं. देणाऱ्याच्या घरी तिसरा पलंगाखाली राहिला असेल. पण लेकरांना काय सांगणार? दुसऱ्याच्या शेवटी मैनीला शहराबाहेर हाकलून दिलेलं. चौथ्याच्या सुरुवातीला ती परत येते ती केस पिकलेली, एका पायात जोडा आणि एक पाय उघडा, आणि शहराची हजारच्या हजार दारं तिला ओळखून आपोआप उघडतात. मधे झालं काय? पंकजा नावाची एक चिमुरडी तर रोज उठून तेच विचारायची. शेवटी प्रियंकानं सांगून टाकलं, "तिसरा भाग मी वाचलाय. गप बसा अन् ऐका."

आणि ती सांगत सुटली. तिचा तिसरा भाग अख्ख्या हंगामाला पुरला. केस कशानं पिकले, जोडा कुठं राहिला, सगळं तिनं चौथ्या भागाशी बेमालूम जुळवलं. पण लेकरांना वेड लावलं ते हाकेच्या भिंतीनं. हजारदारीच्या दारांची एक खोड होती म्हणे. माणूस सहा महिने दिसलं नाही की दारं त्याला विसरून जायची, आणि परत आलं की आत घ्यायची नाहीत. म्हणून मैनीच्या मैत्रिणी रोज तिन्हीसांजेला एका लांबलचक भिंतीला तोंड लावून गेलेल्यांची नावं हाकारायच्या. ती हाक भिंतीभिंतीतून सगळ्या दारांपर्यंत जायची. ज्याचं नाव घेतलं, त्याला दारं विसरत नसत.

ऐकणारी लेकरं कोण होती? अर्धं वर्ष गावाला न दिसणारी. परत गेली की त्यांच्या बाकावर दुसरंच कुणी बसलेलं असायचं, आणि गुरुजी विचारायचे, "तू कोणाचा रं?" त्या लेकरांना ती भिंत पुस्तकातली वाटलीच नाही, आपल्या घरची वाटली. पुढच्या हंगामात नवी लेकरं आली की जुनी त्यांना आधी भिंतीचं सांगायची आणि मग पाणी कुठं मिळतं ते.

पुढं प्रियंका नर्सिंगला नांदेडला गेली. तिथल्या एका वाचनालयात तिला खरा तिसरा भाग सापडला. उभ्या उभ्या चाळला, मग मटकन बसून वाचला. त्यात भिंत नव्हती. भिंतीची वीटसुद्धा नव्हती. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की ही पोरं एक ना एक दिवस परभणीला जाणार, भिंत कुठंय म्हणून विचारणार, आणि कुणी तरी शहाणा हसून सांगणार, असलं काही नाहीच. आपण खोटारडे ठरू याचं तिला फार नव्हतं. पण जिच्या आधारानं ती पोरं वाढली, ती भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत पडणार, हे तिला बघवणार नव्हतं. आणि आज तीच पोरं तिला हाताला धरून तिकडं न्यायला निघाली होती.

पूर्णेला, तिच्या दवाखान्याच्या गावी, ती गाडीत चढली तर अर्धा डबा चुडाव्याहून बसलेल्या त्या पोरांचाच. भारत आता चुडाव्यात मोबाइल दुरुस्त करायचा. पंकजा पोलीस भरतीत निवडली गेली होती आणि त्या दिवसापासून बसतानासुद्धा ताठ बसायची. गोपीचंद, एके काळचं सगळ्यात रडकं पोर, परभणीलाच कृषी विद्यापीठात शिकत होता. तो तिथंच स्टेशनवर भेटणार होता. बाकीच्यांनी डब्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग घातला होता. यांचे आईबाप मात्र अजून कारखान्यालाच जात. दिवाळी होऊन महिना झालेला, त्यामुळं मागं गावात निम्म्या घरांना कुलपं होती.

"आक्का, तोंड कामून पाडलंस?" पंकजानं विचारलं. "ताप आलाय का परत?"

सगळा डबा हसला. प्रियंकाही हसली, पण पिंगळी स्टेशन मागं पडलं तशी ती परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागली.

परभणी स्टेशनबाहेर नागेश निळी टोपी घालून उभा होता. त्याच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं आणि दिनकरराव नावाचे एक निवृत्त बँक अधिकारी. दिनकररावांना बघितल्याबरोबर प्रियंका पंकजाच्या मागं सरकली, कारण त्यांच्या पिशवीत हजारदारीचे पाचही भाग होते आणि पाचहीतून कागदाचे कपटे बाहेर डोकावत होते. शहाणा कसा दिसेल याचं तिनं जे चित्र मनात रंगवलं होतं, ते हुबेहूब चष्मा लावून समोर उभं होतं.

नागेशनं मात्र वेगळ्याच कारणानं डोळे मोठे केले. "भारतराव, तुम्ही फोनवर सहा सांगितले होते."

"सहाच की, सर."

"हे तर बारा आहेत!"

"मंग? सहा कोयते म्हंजे बाराच हुतेत की."

दिनकरराव एक पाऊल मागं सरकले. पोरांच्या पिशव्यांमध्ये खरेच कोयते असतील असं त्यांनी धरलं असावं. मग प्रियंकालाच पुढं होऊन सांगावं लागलं, की ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. भारतनं पूर्वी मुकादमाच्या हाताखाली टोळ्या मोजलेल्या. तिकडून 'किती?' असं विचारल्याबरोबर त्याच्या जिभेवर आलं ते 'सहा'. आता या बारा जणांत जोडपं म्हणावं असं एकही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गोपीचंदला आणि मला मिळून एक कोयता धरलंस का, असं विचारून पंकजानं भारतच्या दंडाला असा चिमटा काढला की तो फेरी संपेपर्यंत दंड चोळत होता.

फेरीतल्या प्रत्येकाच्या मनगटाला बांधायला नागेश निळी फीत देत असे. यांच्यासाठी त्यानं सहाच आणलेल्या. पंकजानं त्या हातातून घेतल्या आणि दातांनी उभ्या फाडून सगळ्यांना पुरवल्या. पुण्याच्या बाईंना ते एवढं आवडलं की त्यांनी आपलीही फीत फाडून अर्धी नवऱ्याला दिली आणि त्याची अख्खी पर्समध्ये टाकली.

मग फेरी निघाली, आणि खरं सांगायचं तर प्रियंका मधूनमधून भीती विसरली. स्टेशनच्या पादचारी पुलावर नागेशनं सगळ्यांना कठड्याला टेकून उभं केलं. हा लोखंडी अजगरांचा पूल. पहिल्या भागात याच्याखाली अजगर झोपलेले असतात आणि स्वप्न पडलं की शीळ घालतात. खाली एक मालगाडी येऊन थांबली, दम टाकल्यासारखा आवाज झाला, आणि बारा जणांच्या तोंडून एकदम निघालं, "झोपला!" ही गाडी त्यांनी जन्मभर बघितली होती. पण अजगर आज पहिल्यांदा दिसला. प्रियंकानं कठडा घट्ट धरला. बारा वर्षांची असताना पाचटावर बसून तिनं हा अजगर नुसत्या हातांनी करून दाखवला होता.

गुजरी बाजाराच्या मागच्या एका बोळात चुगलखोर दार होतं. सागवानी, काळंभोर, अत्तराच्या दुकानाचं. मैनीला शहरातली पहिली चुगली सांगितली ती यानंच. दुकानाचे म्हातारे मालक फेरीची वाटच बघत होते. त्यांनी दार हळूहळू लोटलं, तसं ते लांबलचक कुरकुरलं. गोपीचंदनं कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "मनतंय की भारतनं टपरीवरल्या चहाचे पैसे दिले न्हाईत." म्हातारबुवा खूश झाले. या बिजागरीला आपण तेल घालत नाही, एकदा घातलं तर नाशिकची मंडळी रुसून गेली, हे गुपित त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि प्रत्येकाच्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं.

दिनकरराव मात्र जागोजाग दुरुस्त्या करत होते. पुलाच्या पायऱ्या पुस्तकात डावीकडे आहेत. दाराच्या कड्या पुस्तकात पितळी आहेत. नागेश बिचारा 'हो, खरंय' म्हणत घाम पुसत होता, आणि प्रत्येक दुरुस्तीला प्रियंका त्यांच्यापासून एकेक पाऊल लांब सरकत होती. ज्या माणसाला कडीचा धातू खपत नाही, त्याला अख्खी भिंत कशी खपावी?

"चला, बिगी बिगी," ती पोरांना म्हणाली. "गाडी चुकंल."

"गाडी दुपारची हाय, आक्का," भारत म्हणाला. "तू कामून घाई करायलीस?"

शेवटचं ठिकाण एक बंद पडलेलं जुनं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, होतं. कापूस कधीच थांबलेला, पण चिमणी अजून उभी. हाच हजारदारीचा धुराचा मिनार. सगळ्यांनी माना मोडेस्तोवर वर बघितलं. निळ्या पाटीजवळ उभं राहून पुण्याच्या जोडप्यानं फोटो काढून घेतले. मग नागेशनं टोपी काढली आणि म्हणाला, "मंडळी, इथं आपली फेरी संपते."

प्रियंकाचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ राहिला नाही.

"सर," भारत म्हणाला, "अन् हाकेची भिंत?"

"कसली भिंत?" नागेश गोंधळला.

"तिसऱ्या भागातली."

दिनकररावांनी चष्मा वर सारला. "तिसऱ्या भागात कुठलीही भिंत नाही."

"हाय की."

"नाही! अहो, पारायणं केलीत मी. तिसऱ्या भागात भिंतीचा 'भ' नाही. तुमचा काही तरी घोटाळा होतोय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

आला होता तो क्षण. प्रियंकानं पोरांकडं बघितलं. सगळी तिच्याकडं बघत होती, कोपीवर बघायची तशीच. आता गप्प राहावं, म्हातारा चुकला म्हणावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण ती पुढं झाली, कारण भिंत पडायचीच असेल तर ती परक्याच्या हातानं पडू नये असं तिला वाटलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "तिसरा भाग आमच्या शाळेत नव्हताच. लेकरं विचारायची, म्हणून मीच रचला. भिंत पुस्तकात नाही. भारत, पंकजा... ती माझीच हाय. खोटी हाय ती. माफ करा रे मला."

मग पंकजानं गोपीचंदकडं बघितलं, गोपीचंदनं भारतकडं, आणि भारतनं दंड चोळत सांगितलं:

"आमाला ठाऊक हाय, आक्का."

"काय ठाऊक हाय?"

"हेच की. लय दिसापासून."

"सहावीत असताना," पंकजा म्हणाली. "त्या वर्सी आईबाप तोडीला गेल्यावर मला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवलं हुतं. तितं खरा तिसरा भाग गावला मला. वाचला. मैनी नुस्ती झोपलेली! दोनशे पानं झोपलीय ती, आक्का! मी आल्याबरूबर भारतला सांगितलं, अन् त्यानं समद्यांना. मंग आमी शपथ घेतली, आक्काला कळू द्यायचं न्हाई."

"कामून?"

"तू गोष्ट बंद केली असतीस ना!"

ही सगळी पोरं, नाकाला शेंबूड असलेली, पाचटात लोळणारी, प्रियंकापुढं बसून डोळे विस्फारून भिंतीची गोष्ट ऐकायची, आणि सगळ्यांना माहीत होतं! इतकी वर्षं ती यांना सांभाळत होती की ही तिला? ती ज्या भीतीनं फेरी चुकवत राहिली, ती भीती खरी व्हायला फसलेलं असं कुणी शिल्लकच नव्हतं. तिला हसू यायला लागलं, आणि रडू पण.

"मंग मेल्यांनो, हितं येऊन भिंत कशाला इचारायलाव?"

"समद्या जागांना पाट्या हायेत," भारत म्हणाला. "अजगराला हाय, दाराला हाय, मिनाराला हाय. तुज्या भिंतीलाच न्हाई. म्हणून आलाव आमी. भिंतीची जागा पक्की करायची हाय."

दिनकरराव इतका वेळ चष्म्याची काडी चावत उभे होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "ही भिंत करते काय, तेवढं सांगाल का कुणी?"

पंकजानं सांगितलं. दारांचं विसरणं, तिन्हीसांजेची हाक, भिंतीभिंतीतून जाणारी नावं. दिनकरराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पिशवीतून चौथा भाग काढला, पहिलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून ते तसेच उभे राहिले.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मैनी परत येते तेव्हा दारं तिला ओळखतात, ते यामुळं?"

"हां. रोज नाव घेतलेलं असतंय ना तिचं."

"अहो, पण हेच तर!" दिनकरराव एवढ्या जोरात ओरडले की पुण्याच्या बाई दचकल्या. "याचं कारण पाचही पुस्तकांत कुठं नाही! आम्ही वाचक वर्षानुवर्षं भांडतोय यावरून. दारं तिला का ओळखतात? कशी ओळखतात? एका मित्राशी माझं बोलणं बंद आहे या प्रश्नापायी!"

"मी कमलबाईंना विचारलं होतं फोनवर," नागेश म्हणाला. "त्या म्हणाल्या, अरे, ते लिहायचं राहूनच गेलं बघ."

दिनकररावांनी चौथा भाग मिटला. ते प्रियंकाकडं वळले आणि ज्या आवाजात आतापर्यंत त्यांनी फक्त चुका सांगितल्या होत्या, त्याच करड्या आवाजात म्हणाले, "बाई, खरा तिसरा भाग तुमच्याकडं होता आणि आम्ही सगळे भलताच वाचत बसलो. मी तक्रार करायची कुणाकडं?"

पोरांनी अशी आरोळी ठोकली की चिमणीवरचे पारवे उडाले. भारतनं दिनकररावांना मिठीच मारली. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला मिठीची सवय नसते. ते हात ताठ ठेवून उभे राहिले, पण सुटायची घाई त्यांनी केली नाही.

आता भिंत. ती गोपीचंदनं आधीच हेरून ठेवली होती. महिनाभर हा पोरगा कॉलेज सुटल्यावर परभणीतल्या भिंती बघत हिंडत होता. एक फार बुटकी, एक फार नवी, एकीवर मंगल कार्यालयाची जाहिरात. शेवटी त्याला पटली ती याच जिनिंगची मागच्या बाजूची. दगडी, रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली, तिला तोंड लावून बोललं की आवाज लांबवर घुमत जायचा. तो सगळ्यांना वळसा घालून तिथं घेऊन गेला.

तिन्हीसांज व्हायला अजून वेळ होता, पण हाकेला कुठं मुहूर्त लागतो! पहिला पुढं झाला भारत. दगडाला दोन्ही तळवे टेकवले, तोंड जवळ नेलं आणि पोटातून ओरडला, "सरजाबाई!" ती त्याची माय. या घटकेला ती दूर कुठल्या तरी फडात उसाची मोळी बांधत असणार. मायचं नाव असं मोठ्यानं त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. घेतलं आणि लाजून बाजूला झाला. मग पंकजानं बापाचं नाव घेतलं, "मुंजाजी!" पोलिसातला आवाज तो, वळणापर्यंत सणसणत गेला. एकेक जण येत गेला. नावांवर नावं पडत गेली. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला, काय चाललंय ते विचारलं, आणि सायकल स्टँडला लावून दुबईला गेलेल्या भावाचं नाव हाकारून गेला. पुण्याच्या बाईंनी नाव घेतलं. त्यांच्या नवऱ्यानं घेतलं. दिनकररावांनी आधी आजूबाजूला बघून घेतलं, मग भिंतीला चष्मा लागेल एवढे जवळ गेले आणि "मिनू!" म्हणाले. मिनू म्हणजे त्यांची लेक, जर्मनीत असते. आवाज बेताचा निघाला म्हणून त्यांनी परत एकदा घेतलं, आणि या वेळी पारवे पुन्हा उडाले.

"आता तू, आक्का."

"माजं कुणी न्हाई रे आता कारखान्यावर," प्रियंका म्हणाली. तिच्या पगारावर आईबापांनी कोयता खाली ठेवला होता. ती आनंदानं बाजूला सरकली. तिला आता काहीच नको होतं.

पण पोरं ऐकत नव्हती. अकराच्या अकरा जण भिंतीपाशी ओळीनं उभे राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि एका दमात ओरडले, "प्रियंका!"

"अरे, मी तर हितंच हाय की!" ती हसत म्हणाली.

भारत वळला. आता तो हसत नव्हता.

"आता हायेस. पण नांदेडला गेलीस तवा न्हवतीस. तू गेल्यावर पयल्याच हंगामात पंकी रडायला लागली. मनली, आक्काला गाव इसरंल. मंग आमी रोज सांजच्याला तुजं नाव घ्यायला लागलाव. कोपीवर भिंत कुटली आणावी? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पत्र्याला तोंड लावून घ्यायचो. तुजं शिक्षण हुईपर्यंत घेतलं, एक दिस चुकला न्हाई. आमचे आईबाप मनायचे, लेकरांना याड लागलंय."

"गोष्ट खोटी हाय हे ठाऊक असून?" प्रियंकानं विचारलं.

"गोष्ट खोटी हुती," पंकजा म्हणाली. "तू जाणं खरं हुतं ना."

नांदेडचं ते पहिलं वर्ष प्रियंकाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. इंग्रजीतली पुस्तकं, काही कळत नव्हतं, वसतिगृहाच्या खिडकीशी बसून तिला रोज वाटायचं, आता इथंही आपलं कुणी नाही आणि गावातही आपल्याला कोण ओळखणार. आणि त्याच वेळी, ऊस वाहणाऱ्या एका ट्रॉलीपाशी, मळकी लेकरं ओळीनं उभी राहून तिचं नाव ओरडत होती. तिनंच रचलेल्या गोष्टीवर विसंबून. इतकी वर्षं एका शब्दानं न बोलता. आपण जगात कुणासाठी तरी एवढे झालो होतो, हे कळायला तिला परभणीला यावं लागलं. तिनं डोळ्यांतलं पाणी पुसलंसुद्धा नाही.

"परत घ्या," ती म्हणाली. "मोठ्यानं घ्या."

त्यांनी घेतलं. या वेळी नागेशनं घेतलं, पुण्याच्या जोडप्यानं घेतलं, आणि 'प्रियंका' म्हणताना दिनकररावांनी उच्चारात काही दुरुस्ती सुचवली नाही. ते नाव दगडातून घुमत रस्त्याच्या वळणाकडं गेलं, गुजरीकडं, स्टेशनकडं, पुढं जिथवर जाईल तिथवर. प्रियंका भिंतीकडं वळली नाही. ती त्या अकरा जणांकडं वळली आणि तिनं छाती भरून ओ दिली.